कानाचं मशीन: नुसता मोठा आवाज पुरत नाही

वडिलांचं खिशात ठेवायचं जुनं मशीन घरात आहे, अजून चालतं. आईला हल्ली कमी ऐकू येतं. तिला तेच दिलं तर? नवीन फार महाग वाटतात. (गिरगाव)

नको. ते वडिलांच्या कानासाठी होतं. आईची तपासणी करून आधी ऑडिओग्राम, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढा. गरजेपेक्षा मोठा आवाज कानात गेला तर उरलेलं ऐकूही कमी होऊ शकतं.

त्या डबीला मात्र कमी लेखू नका. एके काळी कानाला लावायच्या कर्ण्याशिवाय काही नव्हतं; बीथोव्हेननेही कर्णेच वापरले. १८९८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीस हचिसन यांनी विजेवरचं यंत्र बनवलं. मग आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आले आणि त्यांच्याबरोबर बॅटऱ्यांचं ओझं. १९४७ मध्ये तेच काम करणाऱ्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५२ च्या अखेरीस तो श्रवणयंत्रात बसलासुद्धा, ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात येण्याच्याही आधी!

तरी काम एकच होतं, आवाज मोठा करणं. वयानुसार ऐकू कमी होतं तेव्हा बहुधा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. तपासताना मी तोंडापुढे कागद धरून ‘पाच’, ‘पास’, ‘पाठ’ म्हणते. समोरच्या आजी तिन्ही वेळा ‘पाच’ म्हणतात. त्यांना ‘पा’ स्पष्ट ऐकू येतो, पुढचं अक्षर निसटतं. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो. १९९६ पासून पूर्ण डिजिटल यंत्रं कानामागे बसू लागली. ती आवाजाचे पट्टे वेगळे करतात, जिथे कमी पडतं तिथेच भर घालतात, हळू आवाज जास्त वाढवतात आणि मोठा कमी. पैसे या कामाचे आहेत. परवडत नसेल तर वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा. केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साहाय्यक साधनं देण्याच्या) योजनेतून पात्र व्यक्तींना यंत्रं मिळतात.

सासूबाईंनी नवीन मशीन चार दिवसांत कपाटात ठेवलं. म्हणतात, भांडी डोक्यात वाजतात. (दादर)

त्यांचं म्हणणं खरं आहे, हट्ट समजू नका. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला एकदम मिळाले आहेत. सुरुवातीला शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना तास-दोन तास लावू द्या. बाजार, लोकल नंतर. आणि त्यांना घेऊन सेटिंगला परत जा. पहिल्याच दिवशी सेटिंग अचूक बसतं असं क्वचित होतं. शिट्टी वाजत असेल तर कानात बसवायचा साचा सैल आहे का, कानात मळ आहे का, तेही पाहून घ्या.

पावसाळ्यात मशीन मधेच बंद पडतं. सेल तर नवीन असतो. (भांडुप)

मशीनपासून कानात जाणारी नळी उजेडात धरून पाहा, आत दवासारखा थेंब दिसेल. घाम आणि दमट हवा! रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, खड्यांचा रंग बदलला की ते बदला. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. सेलवरचा स्टिकर वापरायच्या वेळीच काढा: झिंक-एअर सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो, स्टिकर निघाला की तो खर्च व्हायला लागतो. काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा.

काल सकाळी उठलो तर डाव्या कानाने ऐकूच येईना. कोणतं मशीन घेऊ? (परळ)

मशीनचा विचार आत्ता नको. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक गेलेलं ऐकू औषधांनी परत येऊ शकतं, पण उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावे लागतात. तुम्हाला हे फोनवरही कळवलं आहे. इथे छापते आहे ते इतर कुणी वाट पाहत बसू नये म्हणून.