लॅनियरवर मेलेल्या दोन माशांबद्दल: अॅडिटिव्ह विकत घेण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की जॉर्जियातल्या लॅनियर तलावावर जुलैच्या क्लब टूर्नामेंटमध्ये तुमच्या पाचांपैकी दोन स्पॉटेड बास (गोड्या पाण्यातले मासे) वे-इनला, म्हणजे शेवटी वजन करताना, मेलेले निघाले, दंड बसला आणि क्लबातले जुने लोक ‘उन्हाळ्यात असं होतंच’ म्हणून मोकळे झाले. ऑगस्टमध्ये पुन्हा स्पर्धा आहे, तर लाइव्हवेलच्या (बोटीतल्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या) पाण्यात टाकायला कोणतं अॅडिटिव्ह, म्हणजे मासे तगवायचं औषध, घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर: तूर्तास कोणतंही घेऊ नका. आधी त्या टाकीत पाणी खेळवणारा तुमचा पंप दिवसभरात नक्की किती वेळ चालू होता ते आठवा.

मी ह्यूस्टनला असतो. अकरा वर्षं बासच्या मागे आहे, त्यातली आठ क्लबच्या स्पर्धांमध्ये गेली. आधी दुसऱ्यांच्या बोटीत को-अँगलर म्हणून, मग स्वतःची जुनी बोट घेऊन. मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नाही. माझा अनुभव टेक्सासच्या तलावांचा, जॉर्जियाचे नियम वेगळे, तुमच्या क्लबची नियमावली आणखी वेगळी. तेव्हा मापं, मर्यादा, दंड हे सगळं स्वतः तपासून घ्या. ड्रॉप शॉट (वजन खाली, गळ वर अशी मांडणी) कसा बांधायचा, ब्रश पाइलवर (पाण्याखालच्या फांद्यांच्या ढिगावर) बोट कशी धरायची यात मी शिरत नाही. जुलैत लॅनियरवर पंचवीस-तीस फुटांवरून पाच मासे काढलेत, म्हणजे ते तुम्हाला येतं.

तुमची पोस्ट वाचताना मला सॅम रेबर्न आठवला. टेक्सासच्या पूर्वेला अँजेलिना नदीवरचा हा तलाव एक लाख एकरांहून मोठा आहे आणि तिथे वर्षभर कुणाची ना कुणाची स्पर्धा चालूच असते. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तिथे आमच्या क्लबची हंगामातली शेवटची स्पर्धा होती. पहिल्या तिघांना पुढच्या फेरीत जागा मिळणार होती. सकाळी हायड्रिला या पाणवनस्पतीच्या कडेला टॉपवॉटरवर (पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषावर) दोन लहान मासे मिळाले, साडेनऊला उन्ह वर आलं तसा मी बाहेर खोल पाण्यात गेलो. सव्वाअकराला बावीस फुटांवर ड्रॉप शॉटला एक मादी लागली. काट्यावर सहा पौंड दोन औंस. हात थरथरत होते. लाइव्हवेलमध्ये ठेवली, झाकण लावलं आणि पुन्हा त्याच जागी दोरी सोडली, कारण खाली अजून मासे दिसत होते.

ते झाकण मी पुन्हा उघडलं दोन वाजून दहा मिनिटांनी.

मादी आडवी तरंगत होती. कल्ले हलत होते, पण अगदी सावकाश. दुसरा एक मासा तळाशी होता, तो मेलेला होता. पाण्यात बोट घातलं तर आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. थर्मामीटर नव्हता, म्हणून आकडा सांगत नाही, पण तलावाचा पृष्ठभागच त्या दिवशी ८९ अंश फॅरनहाइट होता आणि टाकीतलं पाणी त्याहून गरम होतं.

झालं काय होतं? पंप टायमरवर होता. पाच मिनिटांतून एक मिनिट चालू, चार मिनिटं बंद. आणि तो मीच टायमरवर टाकला होता, बॅटरी वाचवायला. त्याआधीच्या महिन्यात एकदा भर दुपारी इंजिन सुरू झालं नव्हतं, दुसऱ्या बोटीने ओढून आणावं लागलं होतं, आणि त्या दिवसापासून माझ्या मनात बॅटरीची धास्ती बसली होती. मी एक साधा हिशेब केला नव्हता. माझा पंप साधारण ३ अँपिअर ओढतो. आठ तास सलग चालवला तर २४ अँपिअर-अवर. माझी इंजिनाची बॅटरी १०० अँपिअर-अवरची होती. म्हणजे पंप दिवसभर चालू ठेवूनही इंजिन सुरू झालंच असतं. बॅटरी खात होते ते दोन मोठे फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे स्क्रीन), आणि ते मी सकाळपासून पूर्ण प्रकाशावर चालू ठेवले होते. हा गुणाकार घरी करायला पाच मिनिटं लागली असती.

आता यामागचं कारण नीट सांगतो, कारण इथेच लोक अॅडिटिव्हच्या मागे लागतात. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ७० अंशांना एका लिटरमध्ये जेमतेम ९ मिलिग्रॅम, ९० अंशांना सव्वासातच्या आसपास. हा फरक वरवर फार वाटत नाही. पण त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि झुंज देऊन दमलेल्या माशाची तर आणखी. म्हणजे मिळकत घटते आणि खर्च वाढतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बास कासावीस व्हायला लागतो. वीस-पंचवीस गॅलनच्या बंद टाकीत बारा-तेरा पौंड मासे असतील तर चार मिनिटं पंप बंद राहणं फार होतं. आणि मोठा मासा आधी जातो. सहा पौंडांची मादी म्हणजे माझ्या अंदाजाने सात-आठ वर्षांचा जीव. ती माझ्या टाकीत गुदमरत असताना मी दोन हातांवर पाठ करून पुढच्या माशाची वाट बघत होतो. हे मला अजून विसरता येत नाही, आणि तुमची पोस्ट वाचून एवढं लांब लिहायला बसलो ते त्यामुळेच.

त्यानंतर घाबरून मी आणखी दोन चुका केल्या. पेयांसाठी आणलेली बर्फाची अख्खी पिशवी टाकीत ओतली. एकदम इतका थंडावा म्हणजे आधीच खचलेल्या माशाला दुसरा धक्का. शिवाय विकतचा बर्फ बहुधा नळाच्या पाण्याचा असतो, त्यात क्लोरीन असू शकतं. आणि मग वे-इनला लवकर पोचायचं म्हणून लाटांवरून पूर्ण वेगाने बोट पळवली. मागे वळून झाकण बघता यावं म्हणून किल स्विचची दोरी (माणूस पडला की इंजिन बंद करणारी, अंगाला लावायची) काढून ठेवली होती. हे तर कधीच करू नका. २०२१ च्या एप्रिलपासून अशा बोटीत ती दोरी लावणं अमेरिकेत कायद्यानेही सक्तीचं आहे, पण कायदा बाजूला ठेवा. त्या वेगात माणूस पाण्यात पडला आणि बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर आली तर माशांचा विषय तिथेच संपतो.

वे-इनला पंचवीस मिनिटांची रांग, उन्हात, मासे पिशवीत. माझ्या नंबरापर्यंत मादीही गेली. पाच माशांचे चौदा पौंड तीन औंस भरले. आमच्याकडे मेलेल्या प्रत्येक माशामागे चार औंस कापतात, तसे आठ औंस गेले. तिसरा आला तेरा पौंड चौदा औंसांवर. मी तेरा पौंड अकरा. पुढच्या फेरीची जागा तीन औंसांनी गेली. जागेचं दुःख दोन आठवड्यांत ओसरलं.

आता थोडं रागाचं. या स्पर्धेच्या आधी मी बोट दोनदा सर्व्हिसला दिली होती, कारण रीसर्क्युलेशनच्या (टाकीतलंच पाणी फिरवून परत सोडणाऱ्या पाइपच्या) तोंडातून पाण्याची धार फार बारीक येत होती. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही वेळा तेच सांगितलं: पंप चालू आहे, आवाज येतोय. दुसऱ्या वेळी एका तासाची मजुरी लावली आणि कागदावर लिहून दिलं की यंत्रणा ठीक आहे. मी म्हटलं, माझ्यासमोर टाकी भरून दाखवा. ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ पाण्यावर चालणारी वस्तू दुरुस्त करणाऱ्या दुकानात पाण्याची सोय नाही! स्पर्धेनंतर मी स्वतः पाइप उघडला तर पंपाच्या तोंडाची जाळी हायड्रिलाच्या काड्यांनी बुजलेली आणि वरच्या वळणात हवा अडकलेली. मोटर फिरत होती म्हणून आवाज येत होता. पाणी जवळजवळ येतच नव्हतं. पैसे परत मागायला गेलो तर म्हणाले, जाळी साफ करणं मालकाचं काम. असेल. पण मग ते दोनदा विचारायला आलेल्या मालकाला सांगायला काय हरकत होती? तेव्हापासून मी पंपाच्या आवाजावर विश्वास ठेवत नाही. बादली आणि घड्याळ घेतो, धार एका मिनिटात किती भरते ते बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कमी भरली की जाळी काढायची.

तुम्ही ऑगस्टमध्ये काय करावं, तर माझ्या मते असं. पहिला मासा टाकीत गेला की पंप सलग चालू, टायमरला हात लावायचा नाही. सकाळी पाणी गार असतं तोवर तलावाचं ताजं पाणी घेत राहा. पृष्ठभाग ८० च्या वर गेला की बाहेरचं पाणी बंद करून रीसर्क्युलेशनवर या आणि टाकी हळूहळू गार करा, तलावापेक्षा पाच ते आठ अंशांनी, त्याहून जास्त नाही. त्यासाठी घरून अर्ध्या गॅलनच्या बाटल्या गोठवून न्या. बाटली बंद असल्याने क्लोरीनचा प्रश्न येत नाही. अशी एक बाटली पूर्ण वितळली की पंचवीस गॅलनच्या टाकीत साधारण तीन-चार अंश उतरतात. मी सहा नेतो. बाहेरचं पाणी चालू ठेवून बर्फ टाकणारे मी पाहिलेत; तो बर्फ तलाव गार करण्यात जातो. दर दोन तासांनी निम्मं पाणी बदला, कारण माशांची घाण साठते. आणि दर अर्ध्या तासाने झाकण उघडा. मी फोनवर गजर लावतो. मासे लागत असतील तेव्हा तर नक्की उघडा, कारण विसरायची वेळ तीच असते.

अॅडिटिव्हच्या जागी मी साधं बिनआयोडीनचं मीठ वापरतो, पाच गॅलनला एक तृतीयांश कप. त्याने फायदा होतो असं मला वाटतं. पण ऑक्सिजन नसेल तर मीठही निरुपयोगी आणि चाळीस डॉलरची बाटलीही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी असू शकते. मासे खोलवरून आले होते. वर आणताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, मासा सरळ राहू शकत नाही आणि पोट वर करून तरंगतो. तुमचे दोघे तसे दिसत होते का? तसं असेल तर बाजूने सुई घालून हवा काढावी लागते, १८ गेजची सुई. जागा चुकली तर मासा आतून फाटतो, म्हणून हे लिहून शिकवणार नाही. क्लबातल्या कुणा जाणत्याच्या शेजारी उभं राहून दोन-तीनदा बघा, मग करा. तोवर परावर लावायची वजनाची क्लिप वापरा, तिने मासा निदान उभा राहतो. आणि तीस फुटांच्या खालचे मासे उन्हाळ्यात मी आता धरतच नाही, स्क्रीनवर दिसले तरी.

‘उन्हाळ्यात असं होतंच’ हे मला मान्य नाही. बास स्पर्धांची संघटना उभारणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्येच आपल्या स्पर्धांमध्ये मासा जिवंत परत सोडण्याची पद्धत आणली, तेव्हाच्या बोटी आणि तेव्हाचे पंप घेऊन. पन्नास वर्षांनी आपण खांदे उडवणं बरोबर नाही. शिवाय वे-इनला जिवंत दिसलेला, पोहत गेलेला मासाही पुढच्या काही दिवसांत मरू शकतो. तो आपल्याला दिसत नाही, त्याचा दंडही बसत नाही. माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टच्या क्लब स्पर्धा पहाटे सुरू करून अकराला संपवाव्यात, किंवा पाचाऐवजी तीन मासे ठेवावेत, किंवा कयाकवाले करतात तसं पट्टीवर ठेवून फोटो काढावा आणि तिथेच सोडावा. मेजर लीग फिशिंगवाल्यांनी २०१९ मध्ये बास प्रो टूर ही व्यावसायिक स्पर्धा सुरू केली ती मासा बोटीतच तोलून लगेच सोडण्याच्या पद्धतीने. आमच्या क्लबात मी हे तीन वर्षं मांडतोय. स्टेजवर पाच मासे उचलून दाखवायची हौस आड येते. आता निदान रांगेत हवा सोडणाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्यात. तुमच्याकडे नसतील तर मासे लाइव्हवेलमध्येच ठेवा, आपला नंबर चार-पाच जणांवर आला की मगच पिशवीत घ्या, आणि पिशवीत लाइव्हवेलचंच पाणी भरा.

आणखी एक, विषयाला थोडं सोडून. माझे वडील दाभोळच्या खाडीवर गरवायला जायचे. जिताडा मिळाला तर घरी सण. मी बास सोडून देतो हे आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते पटेना: खायचा नाही तर मग त्याला त्रास कशाला? माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर आजही नाही. पण सोडायचा म्हणून धरला असेल तर तो जगला पाहिजे, एवढं तिला मी तेव्हा सांगितलं होतं.

तुमच्या बोटीचं मॉडेल, टाकी किती गॅलनची, पंप एक की दोन, आणि रीसर्क्युलेशनच्या तोंडाचा चालू असतानाचा एक व्हिडिओ टाका. जाळी काढताना आधी हवेच्या पाइपची क्लिप सैल करा, नाहीतर पाइप तडकतो.