मुंबईतल्या पारशी जोडप्याला घटस्फोटासाठी फॅमिली कोर्टात जाता येतं का?

नाही. दोघंही पारशी असतील आणि लग्न आशीर्वाद या पारशी विधीने, दस्तूर (पारशी धर्मगुरू) व दोन पारशी साक्षीदारांसमोर झालं असेल, तर 1936 चा पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा लागतो. दावा थेट हायकोर्टात. तिथे न्यायाधीशांसोबत समाजातले पाच डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, बसतात. कायद्याचा मुद्दा न्यायाधीश ठरवतात, पण क्रूरता घडली का, जोडीदार सोडून गेला का, हे डेलिगेटांच्या बहुमताने ठरतं. फौजदारी खटल्यांतली ज्युरी कधीच गेली, इथे मात्र ती टिकून आहे! मला हे खटकतं. इतक्या छोट्या समाजात आपलं घरचं दुःख ओळखीच्या चेहऱ्यांपुढे मांडायचं म्हणजे जिवावर येतं. पोटगी आणि मुलांचा ताबा मात्र न्यायाधीश एकटेच ठरवतात. परस्परसंमतीने घटस्फोट 1988 च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.