निवेदनाची पोच मिळाल्यानंतर काय?

प्रश्न : आमचा नागरिकांचा गट हवामान बदलाविषयी शासनाला सतत निवेदने देतो. आम्ही सह्यांची मोहीम राबवली, मानवी साखळी केली. पण प्रत्येक वेळी ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ एवढेच उत्तर येते. सभासद आता कंटाळू लागले आहेत. आमचे कुठे चुकते आहे? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेले निवेदन मी लक्षपूर्वक वाचले. त्यात तळमळ ओळीओळीतून जाणवते, मात्र मागणी एकाच वाक्यात उरकली आहे : ‘शासनाने हवामान बदलाबाबत तातडीने ठोस पावले उचलावीत.’ या वाक्याला विरोध करणारा मंत्री शोधूनही सापडणार नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ज्या मागणीला कोणीही बसल्याजागी मान डोलावू शकतो, ती मान्य झाली की नाही हे पुढे कधीच तपासता येत नाही. त्यामुळे तिची नोंद घेतली जाते आणि फाइल बंद होते.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संस्थेने २००५ मध्ये तेथे ‘द बिग आस्क’ नावाची मोहीम सुरू केली. मागणी एकच होती : उत्सर्जन, म्हणजे तापमान वाढवणाऱ्या वायूंचे हवेत सोडले जाणारे प्रमाण, दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घटवण्याचे बंधन सरकारवर घालणारा कायदा करा. लोकांनी आपापल्या खासदाराला पत्रे लिहिली, त्याच्या कार्यालयात जाऊन भेट घेतली आणि या मागणीच्या प्रस्तावावर आपण सही करणार की नाही, असे सरळ विचारले. अखेर ६४६ पैकी ४१२ खासदारांच्या सह्या झाल्या. सरकारच्या मूळ मसुद्यात २०५० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ६० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य होते. लोकांचा रेटा आणि तज्ज्ञ समितीचा सल्ला यांमुळे ते ८० टक्क्यांवर गेले, आणि विरोधात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मते पडून नोव्हेंबर २००८ मध्ये कायदा झाला. वार्षिक लक्ष्याची मागणी मात्र मान्य झाली नाही, तिच्याऐवजी दर पाच वर्षांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा आली. मागणी स्पष्ट असल्यामुळेच काय मिळाले आणि काय राहिले, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक होते. २०१९ मध्ये हेच लक्ष्य निव्वळ शून्य उत्सर्जनापर्यंत, म्हणजे जेवढे वायू सोडले जातील तेवढे शोषलेही जातील इथपर्यंत, नेण्यात आले.

या कायद्याचा खरा उपयोग पुढे दिसला. त्याने सरकारच्या कामगिरीचा जाहीर हिशेब मांडणारी स्वतंत्र समिती निर्माण केली आणि नागरिकांच्या हाती एक मोजपट्टी दिली. सरकारचा आराखडा या कायद्याच्या कसोटीवर उतरत नाही, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आणि सुधारित आराखड्याबाबत २०२४ मध्येही तसाच निर्णय दिला. निव्वळ आश्वासनाविरुद्ध दाद मागता येत नाही. कायद्यात लिहिलेल्या आकड्याचा भंग झाला तर मागता येते.

म्हणून आपले पुढचे निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करावे आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद कुठे हवी, एवढेच असावे. लोकप्रतिनिधीला भेटायला तीन-चार जणच जा. त्यांत एक जण त्याच मतदारसंघातील शेतकरी, डॉक्टर किंवा व्यावसायिक असला, तर बोलण्याला वजन येते. ‘आपण सभागृहात हा प्रश्न मांडाल का?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत शांत बसा, कारण ती शांतता घाईघाईने भरून काढली की उत्तर टाळायला वाट मिळते. त्याच संध्याकाळी आभाराचे पत्र पाठवून त्यात त्यांनी नेमके काय मान्य केले ते नोंदवा. पुढच्या भेटीत हेच पत्र समोर ठेवता येते. मानवी साखळी सोडू नका, मात्र ती अशा दिवशी करा की त्यानंतर लगेच एखादे मतदान किंवा निर्णय व्हायचा आहे.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय करार झालेला असताना देशांतर्गत मोहिमेची गरजच काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : २०१५ च्या पॅरिस कराराने तापमानवाढ २ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली रोखण्याचे आणि ती १.५ अंशांपर्यंत मर्यादित ठेवण्यासाठी प्रयत्न करण्याचे ठरवले. मात्र प्रत्येक देश आपले लक्ष्य स्वतः ठरवतो आणि ते चुकल्यास दंडाची तरतूद नाही. त्यामुळे लक्ष्य किती मोठे असावे आणि ते पाळले जावे, यासाठी दबाव आणायचा तो त्या त्या देशातील लोकांनीच.

प्रश्न : त्यापेक्षा थेट न्यायालयातच जावे का? (एक वकील वाचक)

उत्तर : न्यायालयाचा मार्ग निश्चितच प्रभावी ठरला आहे. नेदरलँड्समध्ये ‘उर्जेंडा’ या संस्थेने सुमारे नऊशे नागरिकांसह २०१३ मध्ये सरकारविरुद्ध दावा दाखल केला. २०२० अखेर उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटवलेच पाहिजे, असा आदेश २०१५ मध्ये मिळाला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. जर्मनीत घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये, उत्सर्जन घटवण्याचे २०३० नंतरचे ओझे पुढच्या पिढीवर ढकलणारा हवामान कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला, आणि त्यानंतर सरकारने निव्वळ शून्याची मुदत २०५० वरून २०४५ वर आणली.

तरीही केवळ न्यायालयावर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडमधील दोन हजारांहून अधिक वृद्ध महिलांच्या संघटनेने, उष्णतेच्या लाटांचा धोका आपल्या वयाच्या स्त्रियांना अधिक असतो हा मुद्दा धरून, एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात विजय मिळवला. त्यानंतर दोन महिन्यांतच तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांनी, देश आधीच पुरेसे काम करत आहे, अशी भूमिका ठरावाद्वारे घेतली. निकाल अंमलात यावा असे वाटणारे बहुमत सभागृहात नसेल, तर जिंकलेला खटलाही भिजत घोंगडे होऊन पडतो. म्हणून दाव्याची तयारी सुरू असतानाच मतदारसंघांतील भेटी आणि पाठपुरावा चालू ठेवावा. खटल्यासाठी गोळा केलेली आकडेवारी आणि बाधित लोकांची निवेदने त्या भेटींतही तितकीच उपयोगी पडतात.