कॉलेजला जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलांना अ‍ॅडमिशनसाठी मदत करताना
हे काम नव्याने हाती घेताय, तर आधी विचारा: घरात कॉलेज कोणी केलंय? पदवीधर घरात वाद ‘कोणती शाखा’ यावर होतो; दहावीपर्यंत शिकलेल्या घरात ‘झेपेल का’ इथेच गाडी अडते, मार्क सारखे असले तरी. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या पालकांना शिक्षण नको असतं असं मुळीच नाही. कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या), ऑप्शन फॉर्म (कॉलेजांची पसंती भरायचा अर्ज) हे समजावणारं घरात कोणी नसतं, म्हणून मूल जवळचं, ओळखीचं कॉलेज धरतं.

खरा घात कागदांत होतो. राखीव जागेसाठी जात पडताळणीचा अर्ज बारावीतच करा, निकालाची वाट पाहू नका. उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रिमिलेयर हे दाखले सेतू केंद्रातून आधीच काढा. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय ना, तेही बघा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तिथेच अडतं.

फी सांगताना सवलत वजा करून सांगा. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. खोली, मेस, एसटीचा पास मात्र वेगळा मांडा. आणि या हिशोबाला आईलाही बसवा. बऱ्याच घरांत शेवटचा शब्द तिचाच असतो.