१३ वर्षांच्या मुलाच्या पिचिंगचा वेग हिवाळ्यात कसा वाढवावा?

तुमचा मुलगा १३ वर्षांचा आहे, न्यू जर्सीत लहान मैदानावरचे बेसबॉल संपवून तो येत्या वसंतात मोठ्या मैदानावर पिचिंग (फलंदाजाकडे बॉल फेकण्याचे काम) करणार आहे, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात त्याची ॲक्शन व वेग सुधारण्यासाठी काय करावे, जड बॉलचा (नेहमीपेक्षा वजनदार बेसबॉलचा) सराव लावावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझा मुलगा याच वाटेने गेला. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या हातून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये, असे मनापासून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

मोसम संपल्यावरही मी त्याचे बॉल फेकणे थांबवले नाही, ही ती चूक. ऑक्टोबरअखेर सामने संपले आणि पुढच्याच आठवड्यात मी त्याला एका खासगी प्रशिक्षकाकडे पाठवू लागलो. तिथे आठवड्यातून तीन दिवस बंदिस्त जाळीत पूर्ण जोराने पिचिंग चाले. जानेवारीतल्या एका सकाळी तो डाव्या हाताने दात घासताना दिसला. विचारले तेव्हा म्हणाला, "बाबा, कोपर आतल्या बाजूने दुखतंय." या वयात कोपराच्या आतल्या बाजूचे हाड पुरते जुळलेले नसते, मध्ये वाढीची कूर्चा असते आणि प्रत्येक फेकीचा ताण तिच्यावर येतो, याच दुखण्याला ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. डॉक्टरांनी सहा आठवडे बॉलला हात लावू दिला नाही आणि त्याचा अर्धा मोसम गेला.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात विश्रांतीपासूनच करावी लागते. अमेरिकेतील व्यावसायिक लीग मेजर लीग बेसबॉल आणि या खेळाची राष्ट्रीय संस्था यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांनुसार या वयाच्या मुलाने वर्षातून किमान ४ महिने बॉल फेकू नये आणि त्यांतले २ ते ३ महिने सलग असावेत. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने लहान पिचरांचा १० वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा वर्षाला १०० पेक्षा जास्त इनिंग (सामन्यातले छोटे डाव) पिचिंग करणाऱ्यांत गंभीर दुखापतीचे प्रमाण इतरांच्या साडेतीनपट आढळले. म्हणून नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत फेकणे पूर्ण बंद ठेवावे.

मग ताकद वाढवायची ती कशाची? इथे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्या बापांची थोडी फसगत होते. वेगवान गोलंदाजाला धावत येण्याची मुभा असते, त्याचा हात सरळ राहतो आणि "हात कानाजवळून येऊ दे" हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. मीही मुलाला काही दिवस तेच सांगत होतो. पिचर मात्र जागेवर उभा असतो, त्याला एकच पाऊल मिळते आणि त्याचे कोपर वाकलेले, साधारण खांद्याच्या रेषेत असावे लागते. व्यावसायिक पिचरचा खांदा फेकीच्या क्षणी सेकंदाला ७००० अंशांहून अधिक वेगाने फिरतो. एवढा वेग केवळ दंडाच्या स्नायूंतून येत नाही. तो मागच्या पायाने जमीन रेटण्यापासून सुरू होतो आणि कंबर, धड, खांदा असा चढत हातापर्यंत पोहोचतो. हात ही त्या साखळीची शेवटची कडी आहे.

म्हणून विश्रांतीच्या अडीच महिन्यांत पाय, कंबर आणि पाठ यांवर मेहनत घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस बैठका, एका पायावरच्या बैठका, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे), हलक्या वजनाचे डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) आणि खांद्यामागच्या लहान स्नायूंसाठी रबरी पट्टीचे व्यायाम पुरेसे आहेत, मात्र ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावेत. जानेवारीत हात मोकळा झाला की २ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा चेंडू) घेऊन भिंतीला काटकोनात उभे राहायचे आणि कंबरेच्या झटक्याने तो दोन्ही हातांनी भिंतीवर मारायचा, हा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कंबर आधी आणि खांदे मागाहून वळण्याचा क्रम त्यात शरीर आपोआप शिकते.

ॲक्शन तपासायला मोबाईलचे स्लो मोशन चित्रण पुरते. पुढचे पाऊल जमिनीला टेकते त्या क्षणी चित्र थांबवा. मुलगा उजव्या हाताने फेकत असेल, तर त्या क्षणी त्याच्या शर्टावरची अक्षरे अजून तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पिचरच्या उजवीकडे, तोंड करून असली पाहिजेत, कोपर खांद्याइतके वर आलेले असले पाहिजे आणि पाऊल कॅचरच्या (समोर बॉल झेलणाऱ्याच्या) रेषेत पडलेले असले पाहिजे. आम्ही तळघरातल्या गालिच्यावर चिकटपट्टीची एक रेघ मारली होती. मुलाची उंची १५७ सेंटिमीटर होती आणि उंचीच्या सुमारे ८५ टक्के पाऊल पडावे म्हणून १३३ सेंटिमीटरवर दुसरी खूण केली; बॉल हातात न घेता तो रोज संध्याकाळी वीस वेळा तिथे पाऊल टाकायचा. सुरुवातीला पाऊल त्या खुणेच्या वीतभर अलीकडे पडे, फेब्रुवारीपर्यंत खुणेवर पडू लागले.

जड बॉल या वयात नकोत, हे माझे ठाम मत आहे. नियमित बॉल सुमारे १४२ ग्रॅमचा असतो. शाळकरी पिचरांवर ६ आठवडे जड बॉलच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग ३ टक्क्यांच्या आसपास वाढला, पण त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापती झाल्या. तेवढ्या वेगासाठी ही किंमत मला मान्य नाही, आणि वाढत्या वयात नुसत्या उंचीने व वजनानेही वेग वाढतोच.

जानेवारीच्या मध्यानंतर ४५ फुटांवरून, एक दिवसाआड, निम्म्या जोराने फेकायला लावावे आणि दर आठवड्याला अंतर थोडे वाढवावे. लहान मैदानावरचे ४६ फूट सोडून त्याला पुढे ६० फूट ६ इंचांवरून पिचिंग करायचे आहे, आणि नेमक्या या बदलात मुले जोर लावण्याच्या नादात कोपर खाली पाडतात. तुमच्या लीगमध्ये ५४ फुटांचा मधला टप्पा असेल तर तो वर्षभर अवश्य घ्यावा. माउंडवर (पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर) फेब्रुवारीच्या अखेरीसच चढवावे, पहिल्या दिवशी १५ पिच पुरेत आणि त्याही फास्टबॉल (सरळ वेगवान फेक) व चेंजअप (तशीच दिसणारी, पण हळू फेक) एवढ्याच. चित्रणात कोपर खांद्याखाली घसरलेले दिसले, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा, मग ठरलेल्या पिच पूर्ण झालेल्या असोत वा नसोत.