आयरिस फिरवण्याआधी

अरे, परवा रामबागेत भेटलास तेव्हा आयरिस, म्हणजे रायफलच्या मागच्या साइटमधलं लहान-मोठं करता येणारं भोक, किती उघडं ठेवायचं ते विचारलं होतंस. घाईत उत्तर राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

१० मीटर एअर रायफलच्या रिअर साइटचं (डोळ्याजवळच्या, नेम धरायच्या भागाचं) भोक साधारण १.१ मिलिमीटरवर ठेवून सुरुवात कर. भोक लहान केलं की नळीच्या टोकाची पुढची रिंग आणि लक्ष्य दोन्ही रेखीव दिसतात, म्हणून नवी मुलं ते लहानच करत जातात. पण उजेड घटतो, डोळा ताणतो आणि विसाव्या गोळीनंतर लक्ष्याचा काळा गोल थरथरायला लागतो. तेव्हा थोडं उघड. नजर भोकावर नाही, पुढच्या रिंगवर. तिच्यात काळ्या गोलाभोवती पांढरी कड ठळक हवी. मी नवख्याला ४ मिलिमीटरहून लहान भोकाची रिंग देतच नाही.

गाल दर वेळी त्याच जागी टेकव. निम्म्या चुका तिथल्याच असतात, आणि दोष साइटला जातो.

क्लिक (साइट सरकवायच्या खुंटीचा एक टप्पा) पाच गोळ्यांचा गट पाहूनच दे, एका गोळीवर कधीच नाही. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, एवढं लक्षात ठेव. दुसरा डोळा मिटू नकोस, त्यापुढे पांढरी पट्टी लाव.