आधी जीव, मग नाव

प्रिय डॉक्टर,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे उरलेलं पत्र नीट वाचशील. नाही, तू चुकला नाहीस. तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या मांजरीला तू एक्स-रेच्या टेबलावर आडवं केलं नाहीस, यात चुकण्यासारखं काही नव्हतं. ती हृदयरोगतज्ज्ञांकडे जिवंत पोचली. फाइलमध्ये एक्स-रे नाही म्हणून तिथे कोणीतरी ‘अर्धवट तपासणी’ असं म्हणालं आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. आता विचारतोस, इमर्जन्सी सोडून स्पेशालिस्ट व्हावं का, कारण इथे आपण अर्धेच डॉक्टर असतो.

त्या ‘अर्धेच’चा मला राग आलाय. पण त्याकडे नंतर येते.

त्या रात्री तू काय केलंस ते तुझ्याच पत्रात पुन्हा वाच. हात लावण्याआधी दुरून तिचा श्वास मोजलास. तिला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलंस. तिची घालमेल थांबावी म्हणून ब्युटोर्फेनॉलचं छोटं इंजेक्शन दिलंस आणि तिच्या भोवतीची माणसं बाहेर काढलीस. ती जरा सावरल्यावर, बसल्या जागीच, छातीला सोनोग्राफीचा प्रोब लावलास. फुप्फुसांभोवती पाणी दिसलं, हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगलेला दिसला. लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड दिलंस, सुई घालून पाणी काढलंस. सुई बरगडीच्या पुढच्या कडेला लागून घातलीस, कारण रक्तवाहिन्या मागच्या कडेखालून जातात. यात अर्धवट काय राहिलं, ते मला कोणीतरी दाखवावं.

मांजर आजार लपवते, आणि धाप दिसायला लागते तेव्हा तिच्याजवळ शिल्लक काहीच नसते. अशा मांजरीचे चार पाय ताणून तिला कुशीवर धरलं की ती जी झटापट करते, ती तिच्यासाठी शेवटची ठरू शकते. असे एक्स-रे मी पाहिलेत. फिल्म सुरेख आलेली आणि पेशंट टेबलावरच गेलेला. म्हणून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी कंटाळा येईपर्यंत एकच सांगत आले: आधी जीव, मग नाव. रोगाला नाव द्यायला पुढे दिवस असतात. श्वासाला तेवढा वेळ नसतो.

हे सगळ्यांना पटतं, मान डोलावतात, आणि पुढच्याच केसला विसरतात. लघवी तुंबलेला बोका येतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालाय, कारण तो सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असतो. पोटात मूत्राशय दगडासारखं लागतं. तरुण डॉक्टरचा हात लगेच लघवी मोकळी करायच्या नळीकडे, कॅथेटरकडे जातो, किंवा खडा आहे का बघायला एक्स-रेकडे. अरे, आधी स्टेथोस्कोप लाव! घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला 180-200 असायला हवेत आणि इथे 90 लागतायत, तर त्याचा अर्थ रक्तात पोटॅशियम साचलंय आणि हृदय थांबायच्या बेतात आहे. ईसीजीवर पी वेव्ह नाहीशी झालेली, टी वेव्ह टोकदार उभी. अडथळा मोकळा करणं हाच खरा इलाज, हे मलाही कळतं. पण त्यासाठी भूल लागते आणि हे हृदय भूल सोसणार नाही. म्हणून आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, शिरेतून, सावकाश, ईसीजीवर नजर ठेवून. त्याने पोटॅशियम उतरत नाही. हृदयाला जेमतेम अर्ध्या तासाची मुदत मिळते, बस्स. त्या मुदतीत इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम खाली आणायला लागायचं, मग भूल, मग कॅथेटर. खडा होता, गाळ साचला होता की नुसती सूज, हे दुसऱ्या दिवशी निवांत बघता येतं.

जठराला पीळ पडलेला मोठा कुत्रा घे. पोट ढोलासारखं, ओकाऱ्या नुसत्या कोरड्या. इथे एक्स-रे लागतोच, उजव्या कुशीवरचा, कारण नुसती फुगलेली पोटं वेगळी आणि पीळ पडलेली वेगळी. मी एक्स-रेची वैरीण नाही, हेही लिहून ठेव. पण त्याआधी सलाइनसाठी शिरेत दोन जाड कॅथेटर, दोन्ही पुढच्या पायांत. मागच्या पायात नकोत, कारण फुगलेलं जठर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देऊन बसलेलं असतं आणि मागून दिलेलं सलाइन हृदयापर्यंत नीट पोचत नाही. ड्रिप जोरात सुरू, जठरातली हवा नळीने किंवा सुईने काढलेली, हिरड्यांचा रंग थोडा परतलेला, आणि मग एक्स-रे. काम तेच असतं. क्रम चुकला की कुत्रा जातो, एवढाच त्यातला फरक.

उष्माघाताच्या केसमध्ये तर हा क्रम फोनवरच सुरू होतो. ‘लगेच घेऊन या’ असं म्हणून फोन ठेवू नकोस. आधी अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग निघा, असं सांग. पोचल्यावर ताप 39.5 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की गार करणं थांबव, कारण तो आपोआप आणखी खाली जातो. आणि हृदयच बंद पडलं असेल तर काय करायचं हे आता लिहून ठेवलेलं आहे. ‘रिकव्हर’ची, म्हणजे प्राण्यांच्या सीपीआरची, मार्गदर्शक तत्त्वं 2012 मध्ये आली, 2024 मध्ये ती सुधारली. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, दोन मिनिटं हात न थांबवता. सुरुवातीला कारण शोधत उभे राहा, असं त्यात कुठेही नाही. कारणांचा विचार छाती दाबणं सुरू झाल्यावर. तेव्हा हा माझ्या एकटीचा हट्ट आहे असं समजू नकोस.

खरी अडचण औषधांची नसतेच. अडचण असते दाराशी उभ्या असलेल्या माणसाची. त्याच्या हातात रिकामी टोपली असते, प्राणी तू आत नेलेला असतो, आणि तो पहिला प्रश्न विचारतो, ‘काय झालंय तिला?’ तिथे तू घसरतोस. तू एकटाच नाही, सगळेच. काहीतरी नाव दिलं की समोरचा शांत होतो, म्हणून आपण ‘न्यूमोनिया असावा’ म्हणून टाकतो. मग त्या नावाला जागण्यासाठी तपासण्या सुरू होतात आणि पेशंट बाजूला राहतो. त्याऐवजी सरळ म्हण: ‘काय झालंय ते अजून माहीत नाही. श्वास घ्यायला फार त्रास होतोय, तो आधी कमी करतोय. थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगतो.’ आणि खरंच बाहेर येऊन सांग. काही नवीन नसलं तरी ये. खर्चाचं आणि धोक्याचंही तेव्हाच बोल, गोलमाल न करता, कारण अशा पेशंटमधले काही तू कितीही केलंस तरी जातात आणि ते आधी ऐकलेलं असण्याचा हक्क त्या माणसाला आहे. ‘माहीत नाही’ हे उत्तर ज्याच्या तोंडून स्थिर आवाजात निघतं, त्याच्यावर लोक विश्वास टाकतात. उलट होईल ही भीती आपली असते, त्यांची नाही.

माझ्या केसपेपरवर निदानाचा रकाना कित्येकदा कोरा राहिला. त्यावरून मला बैठकांमध्ये उभं केलं गेलं, आळशी ठरवलं गेलं, तपासण्या सांगत नाही म्हणून वरून चिठ्ठ्या आल्या. मी त्या रकान्यात खोटं नाव भरलं नाही. ‘श्वसनाचा त्रास, ऑक्सिजनवर स्थिर, कारण शोधणे बाकी’ एवढंच लिहिलं आणि सही केली. ते पेशंट सकाळी दुसऱ्यांच्या हाती गेले, तिथे त्यांना भारदस्त नावं मिळाली आणि बरे झाल्याचं श्रेयही तिथेच राहिलं. राहू दे. सकाळ उजाडेपर्यंत ते होते, हे माझं काम होतं, आणि ते मी केलं. कोणी त्याला अर्धं म्हणालं की मला आजही चीड येते, तू म्हणालास तरीही.

खंत आहे ती वेगळ्याच गोष्टीची. तज्ज्ञांशी वाद घालण्यात माझी वर्षं गेली, त्यांच्या शेजारी उभं राहून बघण्यात फार थोडी गेली. माझा पेशंट त्यांच्याकडे गेला की माझं त्याच्याशी नातं संपायचं. पुढे काय निघालं, हे मी विचारायला हवं होतं, प्रत्येक वेळी. तू तरी विचार. हृदयरोगतज्ज्ञांना स्वतः फोन कर आणि एक्स-रेचा खुलासा देत बसू नकोस. डावा कप्पा किती मोठा निघाला, आत गुठळी होती का, गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल सुरू केलं का, एवढं विचार. घरी झोपेतला श्वास मोजायला सांगितलाय का तेही विचार. झोपलेल्या मांजरीचा श्वास मिनिटाला 30 च्या वर जायला लागला, तर ती परत येणार आहे ती तुझ्याकडेच, रात्री.

आणि जीव वाचवताना नावाकडे जाणारी वाट बुजवू नकोस. यात मात्र तुमची पिढी फार घाई करते. शिरेत कॅथेटर घातलास की सलाइन जोडण्याआधी थोडं रक्त काढून ठेव. ड्रिप चढल्यावर काढलेल्या रक्तातून आधी काय होतं ते कळत नाही. कोसळलेल्या कुत्र्यात सोडियम खाली, पोटॅशियम वर दिसलं आणि ॲडिसनची, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींतली कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं कमी पडण्याच्या आजाराची शंका आली, तर सलाइन थांबवायचं नाही, पण स्टेरॉइड द्यायचंच झालं तर डेक्सामेथासोन दे. ते कॉर्टिसोलच्या तपासणीत लुडबुड करत नाही, प्रेडनिसोलोन करतं. गाठी सुजलेल्या कुत्र्याला तर नमुना घेतल्याशिवाय स्टेरॉइड देऊच नकोस. लिम्फोमा असेल तर त्या एका इंजेक्शनने गाठी आवळतात आणि कॅन्सरतज्ज्ञ महिनाभर चाचपडत बसतो. रेफर करताना दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळ, मात्रा आणि त्यानंतर श्वास किंवा ठोके किती झाले, हे लिही. अशी चिठ्ठी हातात आली की एक्स-रे नसल्याची तक्रार कोणी करणार नाही, आणि केली तर माझ्याकडे पाठव.

स्पेशालिस्ट व्हायचं का? व्हायचं असेल तर जरूर हो. इंटर्नशिप, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग परीक्षा, हा रस्ता मेहनतीचा आहे आणि तुझ्यात ती चिकाटी आहे. हृदय शिकायचं आहे म्हणून जात असशील तर मी आनंदाने तुझ्यामागे उभी आहे. पण कोणाच्या दोन शब्दांनी लाज वाटली म्हणून जाऊ नकोस. इमर्जन्सी आणि क्रिटिकल केअर ही स्वतःच एक विशेष शाखा आहे. अमेरिकेत तिचं स्वतंत्र कॉलेज 1989 पासून आहे, तिची स्वतःची रेसिडेन्सी आणि स्वतःची परीक्षा आहे. अर्ज मागवताना तीही माहिती मागव, दोन्ही शेजारी ठेवून वाच, आणि निर्णय रात्रपाळी संपवून घरी आल्यावर घेऊ नकोस, झोप झाल्यावर घे.

शिफारसपत्र मी देईन. फक्त शेवटची तारीख आधी कळव, ऐनवेळी मागू नकोस.

तुझी,
मॅडम